ठिगळ दिसू देणारी डागडुजी : ‘द थीफ अँड द कॉब्लर’चा ‘रीकॉबल्ड कट’

सोनेरी नगरीच्या झगमगाटात रमलेलो असताना पडद्यावरचे रंग अचानक नाहीसे होतात आणि उरतात त्या केवळ पेन्सिलीच्या रेघा. काही ठिकाणी तर हलती रेघही नसते, स्टोरीबोर्डवरचे, म्हणजे प्रसंगांच्या चित्रमय आराखड्यातले, स्थिर चित्र तेवढे असते. ‘द थीफ अँड द कॉब्लर’ या अपुऱ्या राहिलेल्या ॲनिमेशनपटाच्या, गॅरेट गिलख्रिस्ट या चाहत्याने जुळवलेल्या ‘रीकॉबल्ड कट’ या आवृत्तीत असे सांधे लपवलेले नाहीत, आणि माझ्या मते तिचे सर्वांत मोठे श्रेय तेच आहे.

ॲनिमेशनकार रिचर्ड विल्यम्स यांनी १९६४ च्या सुमारास लंडनमध्ये मुल्ला नसरुद्दीनच्या गोष्टींवरून या चित्रपटाच्या कामाला आरंभ केला. आपल्याकडेही आवडीने वाचला जाणारा हा मुल्ला पुढे कथेतून गळाला. चोर मात्र राहिला आणि त्याच्या जोडीला मोची आला. विल्यम्स यांनी ॲनिमेशन दिग्दर्शित केलेल्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’च्या १९८८ मधील यशानंतर वॉर्नर ब्रदर्सचे पाठबळ मिळाले, तरीही मे १९९२ मध्ये, थोडकेच काम शिल्लक असताना, चित्रपट विल्यम्स यांच्या हातून काढून घेण्यात आला. चित्रपट पूर्ण होण्याची हमी घेतलेल्या कंपनीने तो फ्रेड कॅल्व्हर्ट यांच्याकडून उरकून घेतला, त्यात गाणी घातली आणि अबोल मोच्याला बोलते केले. मिरामॅक्स या वितरक कंपनीच्या १९९५ च्या आवृत्तीत तर मुका चोरही मनातल्या मनात अखंड बडबडतो.

गिलख्रिस्ट यांनी १९९२ च्या वर्कप्रिंटचा, म्हणजे अपूर्ण चित्रपटाच्या कामचलाऊ प्रतीचा, आधार घेऊन ही भर बाजूला सारली आणि दोघांचे मौन त्यांना परत दिले. त्यामुळे केवढा फरक पडतो, हे युद्धयंत्राच्या प्रसंगात कळते. अजस्र यंत्र चाकामागून चाक, तुळईमागून तुळई कोसळत असते आणि चोर तीन सोन्याच्या गोळ्यांच्या ध्यासापोटी, आजूबाजूच्या संहाराची दखलही न घेता, त्याच्या पोटातून चालत राहतो. एरवी सेकंदाला १२ चित्रांवर भागवण्याची प्रथा असताना विल्यम्स यांनी बहुतांश काम २४ चित्रांनी केले आहे. संगणकाशिवाय, हाताने काढलेली ही गती शब्दांच्या व्यत्ययाविना पाहणे हा निराळाच आनंद आहे. ॲनिमेशन शिकणाऱ्यांनी हा भाग एकेक फ्रेम थांबवून पाहावा. यमकांत बोलणाऱ्या वजीर झिगझॅगला व्हिन्सेंट प्राइस यांचा आवाज आहे आणि तो ऐकतच राहावा असा आहे.

उणिवाही आहेत. निरनिराळ्या प्रतींतून चित्रे घेतल्यामुळे एका दृश्यातील स्वच्छ प्रतिमेपाठोपाठ धूसर प्रतिमा येते आणि डोळ्यांना त्रास होतो. कथेतील पोकळी भरण्यासाठी कॅल्व्हर्ट यांची काही दृश्येही ठेवली आहेत. त्यांतील सैल रेखाटन विल्यम्स यांच्या कामाशेजारी लगेच उघडे पडते. अशा जागी मला पेन्सिलीचे कच्चे चित्रच अधिक चालले असते.

पहिला कट २००६ मधला आहे. नव्याने पाहणाऱ्यांनी २०१३ ची ‘मार्क ४’ ही आवृत्तीच निवडावी. चित्रपटभर गप्प राहिलेला मोची शेवटी राजकन्येजवळ प्रथमच तोंड उघडतो. बाजारात आलेल्या आवृत्त्यांत तो आधीपासूनच बोलत असल्याने हा क्षण वाया गेला होता. इथे तो पूर्ण वजनानिशी येतो.