कॉलेज बास्केटबॉलचे ‘पक्के निकाल’ विकणारा : आमच्या घरातला अनुभव

मार्च जवळ आला की अमेरिकेतल्या आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘आजचा लॉक’, म्हणजे आजची हमखास जिंकणारी पैज, असले मेसेज फिरायला लागतात. आमच्याकडे, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी-मॉरिसव्हिल भागात, ते फार फिरतात. त्यातल्याच एकाने मला आणि माझ्या भाच्याला कसं गंडवलं ते लिहितो. पैशांपेक्षा त्याची पद्धत समजून घ्या, कारण ती कुठल्याही स्पर्धेला चालते.

नॉर्थ कॅरोलायनात मोबाइलवरून कायदेशीर बेटिंग सुरू झालं ११ मार्च २०२४ला, सोमवारी दुपारी १२ वाजता. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये एसीसीची, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या कॉलेज संघांच्या गटाची, पुरुषांची स्पर्धा सुरू झाली. १५ संघ, ५ दिवस, १४ सामने, हरला तो घरी. ड्यूक, यूएनसी (युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना), एनसी स्टेट या विद्यापीठांचे तिन्ही संघ आमच्या अर्ध्या तासाच्या परिसरातले, त्यामुळे इथे ऑफिसात त्या आठवड्यात दुसरा विषय नसतो. त्यात टीव्ही-रेडिओवर नव्या ॲपांच्या जाहिरातींचा भडिमार. अशा वेळी ग्रुपवर कुणीतरी एका टेलिग्राम चॅनेलची लिंक टाकली. पहिले अंदाज फुकट.

चॅनेलला नमस्कार केला की ते चालवणारा माणूस तुम्हाला वैयक्तिक मेसेज करायचा. हे महत्त्वाचं आहे. चॅनेलवर फक्त जिंकलेल्या पैजांचे स्क्रीनशॉट आणि डॉलरची इमोजी; खरा अंदाज प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये, वेगवेगळा. मंगळवारी मला आलं : एनसी स्टेट. त्यांनी लुईव्हिलला हरवलं. बुधवारी पुन्हा एनसी स्टेट. सिराक्यूजला त्यांनी १८ गुणांनी धुतलं. नियमित हंगामातले शेवटचे ४ सामने हरून, दहाव्या मानांकनावर आलेला हा संघ. त्याच्यावर कुणी दोनदा बोट ठेवतो आणि दोन्ही वेळा बरोबर येतं, तर माणूस कान टवकारतोच.

गुरुवारी सकाळी मेसेज आला की फुकटचं संपलं. कॉन्फरन्स पॅकेज १४९ डॉलर, आतली खबर आहे, आज ‘मॅक्स प्ले’, म्हणजे जास्तीत जास्त पैसे लावा. पैसे बँकेच्या ॲपमधून थेट पाठवायचे. क्रेडिट कार्ड चालणार नाही, ‘सिस्टिम डाउन’ आहे. ही सिस्टिम कायमच डाउन असते. कार्डाने दिले तर तुम्ही तक्रार करून पैसे परत मागू शकता. स्वतः होऊन बँकेतून पाठवलेले पैसे परत मिळवणं जवळपास अशक्य. मी पाठवले. अंदाज आला : ड्यूक. रात्री एनसी स्टेटने ड्यूकला ७४-६९ हरवलं.

माफी लगेच आली. ड्रेसिंग रूममधून चुकीची बातमी आली म्हणे. भरपाई म्हणून सेमीफायनलचा ‘व्हीआयपी’ अंदाज निम्म्या किमतीत, १९९ला. मी म्हटलं, आधीच्या १४९मध्ये काय होतं मग? त्यावर थंब्सअप. आणि मग न मागता, ‘विश्वास म्हणून’, अंदाज पाठवलाच : व्हर्जिनिया. मी त्यावर शंभर लावले. व्हर्जिनिया ३ गुणांनी पुढे, सेकंद संपत आलेले, त्यांचा फ्री थ्रो हुकला, आणि एनसी स्टेटच्या मायकेल ओकॉनेलने लांबून फेकलेला चेंडू फळ्यावर आपटून रिंगमध्ये. ५८-५८. ओव्हरटाइममध्ये स्टेट ७३-६५ जिंकलं. खेळ म्हणून विचाराल तर तसला शेवट मी टीव्हीवर क्वचितच बघितलाय. शंभर गेले ते गेलेच.

आता भाच्याची बाजू. तो एनसी स्टेटमध्येच एमएस करतो. शनिवारी दुपारी जेवायला आला तो हवेत. “मामा, पाचशे ट्रान्सफर कर ना, रात्री परत देतो. फायनलची गॅरंटीड टिप आहे. माणूस चारच्या चार बरोबर आलाय!” मी विचारलं, कोण माणूस? त्याने चॅनेलचं नाव सांगितलं. मी म्हटलं, अरे, तो तर मला दोनदा बुडवून गेला.

आमची जुंपली. तो म्हणे मी खोटं बोलतोय, मी म्हणे तो. शेवटी मामीने दोघांचे फोन ताटांच्या मधे शेजारी शेजारी ठेवले. गुरुवारचा मेसेज : मला ‘ड्यूक’, त्याला ‘एनसी स्टेट’. बाकी शब्दन् शब्द तोच, आतल्या खबरेचं वाक्यही तेच. वेळेत एका मिनिटाचा फरक. शुक्रवारी मला व्हर्जिनिया, त्याला स्टेट.

कल्याण मटक्याचा ‘फिक्स ओपन’, म्हणजे पक्का पहिला आकडा, विकणारे हेच करायचे. इथे तर दोनच बाजू, काम आणखी सोपं. समजा १६०० लोकांना पहिला मेसेज गेला. निम्म्यांना हा संघ, निम्म्यांना तो. ८०० जणांचं बरोबर येणार. त्यांतले ४००, मग २००, मग १००. चार सामन्यांनंतर असे १०० लोक उरतात ज्यांच्या नजरेत हा माणूस एकदाही चुकलेला नाही. ते १०० जण पाचशे डॉलर आनंदाने देतात. बास्केटबॉलमधलं त्याला ओ की ठो कळायची गरज नाही.

त्याच्या अंदाजांत आणखी एक गोम होती, ती नंतर पाहिल्यावर दिसली. नुसतं संघाचं नाव असायचं. सरळ जिंकणार की अमुक गुणांच्या फरकाने, हे कधीच नाही. ड्यूक थोडक्यात जिंकला असता तर एकाला ‘मी सरळ विजय म्हटलं होतं’, दुसऱ्याला ‘मी फरकाचं म्हटलं होतं’. चॅनेलवरचे जुने मेसेजही तो बदलायचा किंवा पुसायचा. गुणांच्या फरकावर पैज लावताना साधारणपणे १०० जिंकायला ११० लावावे लागतात, म्हणजे नुसतं बरोबरीत राहायलाही दीर्घकाळ ५२.४ टक्के अंदाज खरे यावे लागतात. यातच मुरलेले लोकही ५५ टक्क्यांवर खूश असतात. ‘९० टक्के रेकॉर्ड’ असं कुणी लिहिलं की फोन खाली ठेवा.

तर भाच्याला मी पैसे दिले नाहीत. आणि फायनलमध्ये काय झालं? एनसी स्टेटने अव्वल मानांकित यूएनसीला ८४-७६ हरवलं, ५ दिवसांत ५ सामने जिंकून १९८७नंतर पहिल्यांदा स्पर्धा घेतली. पोरगं अख्खी रात्र कॉलेजच्या विजयाने नाचत होतं आणि मधूनमधून माझ्याकडे रागाने बघत होतं. त्याचं म्हणणं, मामा, मी तर जिंकलोच असतो! त्याला कुठला अंदाज आला असता हे त्यालाही माहीत नव्हतं, पण ज्याचं खरं ठरत आलंय त्याला पटवणं फार अवघड. माझ्यासारखा हरलेला दोन दिवसांत सुटतो. त्या माणसाची खरी मिळकत भाच्यासारख्यांवर.

रविवारी राष्ट्रीय स्पर्धेचा, म्हणजे ‘मार्च मॅडनेस’चा, ड्रॉ लागला. रात्रीच दोघांनाही ‘मार्च मॅडनेस’ पॅकेजचा मेसेज आला, मला सवलतीत, त्याला ‘निष्ठावान ग्राहक’ म्हणून महाग. आम्ही दोघांचे स्क्रीनशॉट एकत्र करून ग्रुपवर टाकले. मग हळूहळू इतरांनी तोंड उघडलं. एकाने ९०० घालवले होते आणि बायकोला सांगितलं नव्हतं. एफटीसीच्या, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी फेडरल ट्रेड कमिशनच्या, संकेतस्थळावर तक्रार नोंदवली, बँकेलाही कळवलं. बँकेने पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत म्हणून हात वर केले. काही आठवड्यांनी एक फोन आला : तुमचे बुडालेले १४९ डॉलर परत मिळवून देतो, फक्त ५० डॉलर फी आगाऊ भरा. माझा नंबर आणि ती नेमकी रक्कम त्या माणसाखेरीज फक्त बँकेला आणि एफटीसीला ठाऊक होती, आणि बँक किंवा एफटीसी अशी फी मागत नाही. असा फोन तुम्हालाही येईल. कापून टाका आणि तो नंबरही तक्रारीत जोडा.