क्रुगरशेजारचं शिबिर: आठ महिन्यांनंतरचा अनुभव, आणि त्या दुर्बिणीचं डिपॉझिट

शिबिराचं नाव लिहीत नाही, कारण डिपॉझिटचे आठशे रँड अजून यायचे आहेत आणि त्यांच्याशी मेल चालूच आहेत. बाकी सगळं जसं घडलं तसं लिहिते.

आम्ही दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गजवळ मिडरँडला राहतो. २०२४ च्या जुलैत, शाळेच्या हिवाळी सुट्टीत, आमची चौदा वर्षांची लेक क्रुगर राष्ट्रीय उद्यानाशेजारी, हूडस्प्रुटकडच्या एका खासगी राखीव जंगलात सात रात्रींच्या रान-अभ्यासाच्या शिबिराला गेली. फी १३,५०० रँड, वर सामानाचं डिपॉझिट १,८००. तंबू कसे, गाडी कुठली, दिवसाला फेऱ्या किती हे त्यांच्या माहितीपत्रकात आहे, ते पुन्हा लिहीत बसत नाही. ज्या गोष्टी माहितीपत्रकात नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहिणं.

लेक परत आली आणि नवव्या दिवशी मेल आला. दुर्बिणीच्या उजव्या बाजूची रिंग खराब झाली आहे, सबब डिपॉझिट परत मिळणार नाही. १,८०० रँड म्हणजे आपले आठ हजारांच्या वर रुपये. आमच्या घरात दोन महिन्यांची भाजी त्यात येते. मी लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, "आई, ती पहिल्या दिवसापासून तशीच होती." मी तसं कळवलं. उत्तर आलं, की सामान देताना ते ठीक असल्याची नोंद आहे. ती नोंद मागवली तर त्या कागदावर नुसतं 'दुर्बीण, १ नग' एवढंच. अवस्था कशी, चालते का, काही नाही. त्या दिवशी कोणी विचारलं असतं तर मी पाचात एकच तारा दिला असता.

एका रिंगसाठी एवढं काय, असं कोणाला वाटेल. म्हणून सांगते. दुर्बीण ८ बाय ४२ ची, दोन मुलांत एक. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा नसतो, तो फरक भरून काढायला उजव्या नळीवर ती रिंग असते. एकदा आपल्या डोळ्याला लावून घेतली की ती तिथेच राहिली पाहिजे. हिची रिंग हात लागला की सरकायची. म्हणजे डावीकडे पक्षी स्वच्छ आणि उजवीकडे धुकं. माझ्या लेकीच्या दोन डोळ्यांत मुळातच फरक आहे, अशा दुर्बिणीतून दहा मिनिटं पाहिलं की तिचं कपाळ दुखतं. जुलैत तिथला मोपाने, म्हणजे तिथलं नेहमीचं झाड, सुकून तांबूस झालेला असतो आणि चाळीस पावलांवर कुडू हरीण उभं असलं तरी नुसत्या डोळ्यांना सापडत नाही. कान हलला तरच कळतं. ज्या शिबिराचा सगळा अभ्यास 'थांबा आणि पाहा' एवढ्यावर उभा आहे, तिथे दुर्बीण म्हणजे मुलांची पाटी-पेन्सिल. मुलाला फुटकी पाटी द्यायची आणि वर पाटी फोडल्याचे पैसे मागायचे, हे मला अजूनही पटलेलं नाही.

आता दुसरी बाजू. तीही तितकीच खरी आहे.

शिबिरात शिरताना मुलांचे फोन काढून घेऊन पत्र्याच्या पेटीत ठेवले. माझा आधी याला विरोध होता, रात्री खुशाली कळणार कशी? गाइडने फोनवर कारण सांगितलं. फोटोबरोबर जागेचा ठावठिकाणा जातो आणि गेंड्याच्या फोटोतला ठावठिकाणा शिकाऱ्याला घरबसल्या मिळतो. ते ऐकल्यावर माझी तक्रार उरली नाही. फोनच्या बदली प्रत्येकाला एक जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल. नियम एकच: तारीख, वेळ, काय दिसलं, कुठे, आणि आपल्याला खात्री किती. खात्री नसेल तर तसं लिहायचं, ठोकून द्यायचं नाही.

ऑगस्टमध्ये, तिसऱ्या मेलनंतर, मी ती वही पहिल्यांदा नीट वाचली. पहिल्याच पानावर, कोवळ्या अक्षरात: "दुपारी ३.४०. दुर्बीण क्र. ७. उजवी रिंग सैल. सांगितलं. दुसरी शिल्लक नाही म्हणाले." त्याखाली इम्पाला हरणाच्या खुराचं चित्र. मी त्या पानाचा फोटो पाठवला. चार दिवसांनी १,००० रँड परत आले. उरलेले ८०० 'कार्यालयीन खर्च' म्हणून ठेवले. माझ्या लेकीला काटेकोर नोंद करायला ज्यांनी शिकवलं त्यांच्याच कागदावर नोंद नव्हती, आणि ते तिच्या वहीने दाखवून दिलं. त्या संध्याकाळी मी एकाचे तीन तारे केले.

वही पुढे वाचत गेले तसा राग मागे पडत गेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी वाळूत हत्तीच्या पुढच्या पायाचा ठसा दोरीने मोजला. घेर १ मीटर ३० सेंटिमीटर. घेराची दुप्पट केली की हत्तीची खांद्याजवळची उंची साधारण मिळते, म्हणजे २ मीटर ६०. तो हत्ती त्यांना दिसलाच नाही, तरी त्याची उंची वहीत आहे. चौथ्या दिवशी तरसाची विष्ठा, खडूसारखी पांढरी, हाडं खाल्ल्यामुळे. शेजारी तिने लिहिलंय, की कासवं कॅल्शियमसाठी ती खातात. याच दिवशी मांजरकुळाचा ठसा आणि तरसाचा ठसा समोरासमोर काढलेत: मांजरकुळाच्या तळव्याला मागे तीन फुगवटे आणि (चित्ता सोडला तर) नखं उमटत नाहीत, तरसाला दोन आणि नखं उमटतात. रबराने खोडून खोडून कागद पातळ झालाय तिथे.

शेवटच्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. आम्ही पहाटेच निघालो, सहा तास गाडी. दीड तासाची चाल: पुढे बंदूकवाला गाइड, मग आम्ही एका ओळीत, शेवटी वयस्कर ट्रॅकर, म्हणजे माग काढणारा, तिथल्याच त्सोंगा समाजातला. त्याला सगळी मुलं "अवुशेनी" म्हणून नमस्कार करत होती, आमची लेकसुद्धा, आणि तो प्रत्येकाला थांबून उत्तर देत होता. बोलायचं नाही, काही झालं तरी पळायचं नाही. एका वळणावर शेणाचा ढीग होता. लेकीने माझी बाही ओढली, खाली बसली, एक वाळका गोळा उचलला आणि पाव मोडावा तसा मोडला. आत काड्यांचे बारीक तुकडे. तिने त्यातली एक काडी नखाने बाजूला केली आणि माझ्या तळहातावर ठेवली. टोक तिरकं कापलेलं होतं, कात्रीने कापावं इतकं साफ. "काळा गेंडा," ती कुजबुजली. काळा गेंडा झुडपाच्या फांद्या खातो आणि त्याचे दात त्या अशा तिरक्या तोडतात. पांढरा गेंडा गवत खातो, त्याच्या शेणात नुसता भुस्सा असतो. घरी मांजराची वाळू बदलताना नाक मुरडणारी ही मुलगी! मी ती काडी पर्समध्ये ठेवणार होते. तिने परत घेतली आणि होती तिथे ठेवली. इथलं काही न्यायचं नाही, म्हणाली.

गेंड्यांचं मुलांना फक्त रडगाणं सांगितलं नाही, ते मला विशेष आवडलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला दक्षिणेकडचे पांढरे गेंडे शंभरही उरले नव्हते, क्रुगरच्या भागातून तर ते संपलेच होते. झुलूलँडमधल्या उम्फोलोझीच्या राखीव जंगलात जे टिकले त्यांच्यापासून संख्या वाढवली आणि १९६१ पासून तिथले गेंडे क्रुगरमध्ये आणून सोडले. तिथले वनाधिकारी इयान प्लेयर आणि त्यांचे झुलू सहकारी मागकुबु न्टोम्बेला यांचं ते काम. १९५७ मध्ये तरुण मुलांना पायी रानात नेणारी वाइल्डरनेस लीडरशिप स्कूल सुरू केली तीही प्लेयर यांनीच. म्हणजे आज ही जी शिबिरं चालतात त्यांची वाट कुणीतरी आधी पायांनी पाडलेली आहे. शिवाय १९९३ मध्ये क्रुगर आणि पश्चिमेकडच्या खासगी जंगलांमधलं कुंपण काढलं, त्यामुळे या शिबिराच्या पाणवठ्यावर येणारा हत्ती सरकारी की खासगी असा प्रश्नच उरत नाही.

मुलांनी शिंग कापलेली एक गेंड्याची मादीही पाहिली. शिंग आपल्या नखांसारखंच केराटिनचं, पुन्हा वाढतं, म्हणून दीड-दोन वर्षांनी पुन्हा कापावं लागतं. वहीत तिने लिहिलंय: "तिचं तोंड अर्धवट पुसल्यासारखं दिसतं. पण जिवंत आहे." २०२५ च्या फेब्रुवारीत सरकारचा आकडा आला, २०२४ मध्ये देशात ४२० गेंडे मारले गेले, आधीच्या वर्षी ४९९. बातमी मी वाचायच्या आत तिने जेवताना सांगितली, आणि मग बराच वेळ नुसती भात चिवडत बसली.

जेवणाचं एका ओळीत: शाकाहारी मुलांची आबाळ होत नाही. मक्याच्या पांढऱ्या पिठाचा पॅप, म्हणजे आपली घट्ट उकडच, वर चाकालाका, म्हणजे भाज्यांचं तिखट तोंडीलावणं. तिला चाललं. थंडीचे कपडे मात्र यादीत सांगितलेत त्याच्या दुप्पट द्या, पहाटे उघड्या गाडीत हातपाय गारठतात. मलेरियाचा भाग आहे, डॉक्टरांना विचारून जा. रोज रात्री मोज्यांच्या कडेला आणि गुडघ्यामागे गोचीड तपासायला मुलांना आपणच बजावून पाठवा. तिला दोन चिकटल्या होत्या. ताप आला नाही, पण आठवडाभर मी रोज तिची पाठ पाहत होते.

आता जे मला दुर्बिणीपेक्षाही जास्त टोचतं ते. पालकांच्या दिवशी मी चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेले. स्वयंपाक करणाऱ्या ताई जवळच्याच गावच्या, बुशबकरिजकडच्या. त्यांचा मुलगा माझ्या लेकीच्याच वयाचा. मी सहज विचारलं, तो आला होता का कधी शिबिराला? त्या म्हणाल्या, तो कुंपणापर्यंत येतो. हत्तींचा आवाज त्यांना रात्री घरात ऐकू येतो, वाळलेल्या मक्यात शिरले तर नुकसान त्यांचं होतं, आणि त्यांच्या मुलाने एकदाही आत पाऊल टाकलेलं नाही. शिबिरात नऊ मुलं होती, नऊही फी भरलेली, बहुतेक जोहान्सबर्ग-प्रिटोरियाची. गावातल्या शाळेची सहल वर्षातून एक दिवस येते म्हणे. एक दिवस! उद्या जी मुलं इथे ट्रॅकर होतील, राखणदार होतील, किंवा पोटासाठी कुणाला वाट दाखवतील, ती कुंपणाबाहेर आणि आमची आत. याच भागात बालुले राखीव जंगलात ब्लॅक माम्बाज ही शिकारविरोधी पथकं आहेत, २०१३ पासून, बहुतेक सगळ्या आसपासच्या गावांतल्या मुली. शस्त्राशिवाय गस्त घालतात, फासे शोधून काढतात, आणि त्यांच्याच उपक्रमातून गावच्या शाळांत मुलांना रानाबद्दल शिकवलं जातं. म्हणजे हे होऊ शकतं. मी डिपॉझिटच्या मेलमध्येच लिहिलं, की माझे ८०० ठेवायचेच असतील तर ठेवा, पण दर शिबिरात दोन जागा गावच्या मुलांना द्या. त्यावर आजवर उत्तर नाही.

आठ महिन्यांनंतर काय उरलं? वही संपली, दुसरी चालू आहे. आमच्या हिरवळीवर हडीडा येतात, लांब चोचीचे, पहाटे कर्कश ओरडणारे. आधी ती उशी कानावर घ्यायची, आता किती वाजता आले ते लिहिते. डिसेंबरात आम्ही नागपूरला गेलो आणि ताडोबाला दोन फेऱ्या केल्या. वाघासाठी जिप्सींची गर्दी झाली तेव्हा ही मागे वळून धुळीतला ठसा पाहत होती. तिने गाइडदादांना विचारलं, इथल्या पट्टेवाल्या तरसाचा ठसा कसा असतो? ते इतके खूश झाले, की पुढचा अर्धा तास त्यांनी गाडी हळू घेऊन ठसेच दाखवले. वाघाच्या नराचा पंजा चौकोनी, मादीचा लांबट. वाघ दिसला नाही. आफ्रिकेत पायी उतरून शिकलेलं चंद्रपूरच्या धुळीत लागू पडताना पाहिलं, आणि फीचे पैसे मला तिथे वसूल झाल्यासारखे वाटले.

माझे तारे सध्या पाचात साडेतीन. गाइड आणि ट्रॅकर यांना पाचातले पाच, सामान आणि हिशेबाला एक. पाठवणार असाल तर जरूर पाठवा, पण सामान हातात घेताना मुलाला प्रत्येक वस्तू वापरून पाहायला सांगा, जे मोडकं असेल ते त्यांच्या कागदावर लिहून सही घ्या, आणि जमलं तर दुर्बीण घरची द्या.

आम्ही गेल्या महिन्यात एक जुनी विकत घेतली, ८ बाय ४२ चीच, ९०० रँडला. दुकानात लेकीने आधी उजवी रिंग फिरवली, सोडली, दुर्बीण हलवली आणि पुन्हा रिंग कुठे आहे ते पाहिलं. मग दाराबाहेर जाऊन समोरच्या तारेवरची साळुंकी पाहिली आणि मान हलवली.

जुलैत तिला पुन्हा जायचंय. दोन जागांबद्दल शिबिराकडून उत्तर आलं तर इथेच खाली लिहीन, तोवर मी पैसे भरलेले नाहीत.