ओल पेजेता की सेरा? केनियात गेंडे बघायला जाताय तर आधी हे वाचा

मुंबईहून नैरोबीला डायरेक्ट फ्लाइट आहे त्यामुळे हल्ली आपल्याकडचे बरेच जण केनियाला जातात, मसाई मारा तर प्लॅनमध्ये असतंच, प्रश्न उरतो मधल्या दोन दिवसांचा. गेंडा नीट बघायचाय आणि आपले पैसे त्याच्याच कामी यावेत असं वाटत असेल तर दोन जागांचा विचार करा, दोन्हीकडे गेंडे सरकारी नॅशनल पार्कच्या बाहेर राहतात पण जमिनीचा कारभार एकदम वेगळा.

ओल पेजेता नॅन्युकीजवळ, नैरोबीहून गाडीने चारेक तास. साधारण 360 चौ.किमी., पूर्वी गुरांचं मोठं रँच होतं, आता ना-नफा संस्था चालवते. दीडशेच्या वर काळे गेंडे, शिवाय नाजिन आणि फातू, म्हणजे जगात उरलेल्या शेवटच्या दोन उत्तरी पांढऱ्या गेंड्याच्या माद्या (शेवटचा नर सुदान 2018 मध्ये इथेच गेला). आईवडील किंवा लहान मुलं सोबत असतील तर सरळ इथेच जा, गाडीतून सगळं दिसतं.

मला इथली जमीन सांभाळायची पद्धत फार आवडते. हजारो बोरान जातीच्या गायी वन्यप्राण्यांच्याच कुरणात चरतात, रात्री त्यांना लोखंडी जाळ्यांच्या हलत्या गोठ्यात ठेवतात, काही दिवसांनी गोठा पुढे सरकवतात आणि जिथे शेण साठलेलं असतं तिथे पुढे चांगलं गवत येतं. कुंपणाला ठिकठिकाणी मोकळी जागा सोडून तिथे एकमेकांच्या जवळ बुटके खांब पुरलेत, हत्ती त्यावरून आरामात पाय टाकून जातो पण गेंड्याला ते जमत नाही, म्हणजे हत्तींची वाट मोकळी आणि गेंडा सुरक्षित हद्दीत!

पण जागेला मर्यादा आहे. काळ्या गेंड्याचे नर हद्दीसाठी मारामाऱ्या करतात, फार दाटी झाली की जीव जातात, म्हणून 2024 मध्ये नैरोबी पार्क, लेवा (अशीच एक राखीव जागा) आणि ओल पेजेता मिळून 21 काळे गेंडे लोइसाबा नावाच्या दुसऱ्या राखीव जागेत हलवले. आणि हेही माहीत असू दे की ओल पेजेता ज्यावर आहे ते लायकिपियाचं पठार मसाई लोकांकडून ब्रिटिशांनी 1911 च्या कराराने घेतलेलं, तो राग तिथे अजून आहे.

सेरा उत्तरेला सांबुरूमध्ये, कोरडा गरम प्रदेश, जमीन तिथल्या गुराखी लोकांची. शिकारीमुळे इथला गेंडा साफ संपला होता, मग 2015 मध्ये 107 चौ.किमी. जागेला कुंपण घालून 10 काळे गेंडे आणले, समाजाच्या मालकीचं असं पूर्व आफ्रिकेतलं हे पहिलंच गेंडा अभयारण्य. स्थानिक रेंजर गेंड्याला लावलेल्या ट्रान्समीटरच्या सिग्नलवर माग काढत पायी नेतात. काळा गेंडा झुडपं खाणारा आणि लाजाळू, त्यामुळे दिसायला वेळ लागतो, पण जमिनीवर उभं राहून त्याला बघणं वेगळंच, लहान मुलं असतील तर मात्र जमणार नाही. मुक्कामाची सोय मोजकी आणि महाग, रस्ता लांबचा.

आता पैशाचं. दोन्हीकडे रेंजरचा पगार, कुंपण, गस्त यावर सतत खर्च असतो आणि पर्यटक थांबले की काय हाल होतात ते 2020 मध्ये सगळ्यांनी बघितलं. ओल पेजेताकडे गुरांचं उत्पन्न तरी आहे, सेरा देणगीवर जास्त अवलंबून. पण सेरातला पैसा मुलांची फी, पाणी, तिथल्याच पोरांच्या नोकऱ्या यात जातो आणि ज्या माणसाची गुरं त्या भागात चरतात त्याला गेंडा जिवंत राहण्यात फायदा दिसला तर तोच सगळ्यात आधी परक्या माणसाची खबर देतो, कितीही बंदुका असल्या तरी ही खबर विकत मिळत नाही.

कम्युनिटी नाव लागलं की सगळं आलबेल असंही समजू नका. सेराला मदत करणाऱ्या एनआरटी (नॉर्दर्न रेंजलँड्स ट्रस्ट) या संस्थेच्याच आधाराने उभ्या राहिलेल्या शेजारच्या इसिओलो जिल्ह्यातल्या दोन कन्झर्वन्सी (लोकांच्या जमिनीवरची राखीव क्षेत्रं) जानेवारी 2025 मध्ये कोर्टाने बेकायदा ठरवल्या, लोकांना नीट विचारलं नव्हतं म्हणून.

माझं मत विचाराल तर पहिलीच ट्रिप आणि कुटुंब असेल तर ओल पेजेता, दोन रात्री. आधी सफारी झाली असेल, चालायची तयारी आणि बजेट असेल तर सेरा. जाणं होणार नसेल आणि फक्त देणगी द्यायची असेल तर मी सेराच्या रेंजरसाठी देईन, फक्त देण्याआधी ईमेल करून विचारा की पैसा खर्च कसा करायचा हे ठरवणारं मंडळ गावकरी निवडतात का आणि हिशोब त्यांना दाखवला जातो का.