‘टूम ऑफ हॉरर्स’: तत्काळ मृत्यूचा हिशेब मांडणारी पुस्तिका

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फाशांच्या आधारे एकेक काल्पनिक पात्र वठवण्याचा खेळ. तो खेळणाऱ्यांमध्ये पात्रांच्या मृत्यूचा विषय निघाला, की या खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांच्या ‘टूम ऑफ हॉरर्स’चे नाव निघतेच. टीएसआर कंपनीने १९७८ मध्ये ‘एस १’ या क्रमांकाने छापलेले हे साहस, म्हणजे सापळ्यांनी भरलेल्या थडग्यातील मोहिमेचा तयार आराखडा, आजही विकत घेऊन खेळण्याच्या लायकीचे आहे, असे माझे मत आहे. मात्र ते कोणत्या पात्रांनिशी खेळायचे, यावर सगळे अवलंबून आहे. ज्यांना ते स्वतः खेळायचे आहे, त्यांनी पुढचा मजकूर वाचू नये, कारण सापळ्यांबद्दल मौन पाळून या पुस्तिकेचे परीक्षण करणे शक्य नाही.

हे साहस मुळात १९७५ च्या ‘ओरिजिन्स’ या खेळांच्या संमेलनातील स्पर्धेसाठी वापरले गेले होते. स्पर्धेत पात्रे आयती मिळतात, वेळ ठरलेला असतो आणि कोणता गट किती आत पोहोचला यावर निकाल लागतो. अशा बैठकीत पात्र मेले तर खेळाडूचा त्या दिवसापुरता डाव संपतो, एवढेच. तेच साहस चालू कॅम्पेनमध्ये, म्हणजे त्याच पात्रांनिशी दीर्घकाळ चालणाऱ्या सलग खेळात, आणून बसवले, की वर्ष-दोन वर्षे जपलेले, ज्याचे वैरी आणि ऋणानुबंध सगळ्या टेबलाला पाठ आहेत असे पात्र एका पावलासरशी नाहीसे होते. या पुस्तिकेच्या नावाने जी बोटे मोडली जातात, त्यांतली बरीचशी या गफलतीतून आलेली आहेत.

सर्वांत बदनाम सापळा म्हणजे मार्गाच्या टोकाला भिंतीवर असलेला हिरवा राक्षसी चेहरा. त्याचा जबडा वासलेला असून आत मिट्ट काळोख आहे. त्या काळोखात जे जाईल ते कायमचे नष्ट होते, सेव्हिंग थ्रो (बचावासाठी फासा टाकण्याची संधी) नाही की हिट पॉइंट्सचा (पात्राच्या जीवनशक्तीच्या गुणांचा) हिशेब नाही. हे ऐकायला क्रूर वाटते, पण बारकाईने पाहिले तर या सापळ्यात लबाडी नाही. त्याच मार्गाच्या फरशीवरील कूटलेखात हिरव्यापासून दूर राहण्याचा इशारा दिलेला आहे, पुस्तिकेसोबतच्या चित्रांमधून तो चेहरा खेळाडूंना प्रत्यक्ष दाखवता येतो, आणि आत काठी खुपसून पाहणाऱ्याच्या हाती नुसता तुटका दांडा उरतो. एवढे सगळे समोर असूनही जो उडी मारतो, त्याला फाशांनी दगा दिला असे म्हणता येणार नाही.

मला याहून सरस वाटतो तो राजमुकुट आणि राजदंडाचा प्रसंग. सिंहासनाच्या दालनात ठेवलेला मुकुट डोक्यावर चढवला, की तो ओढून निघत नाही. राजदंडाचे सोनेरी टोक लावले तरच सुटतो. रुपेरी टोक लावले, तर घालणाऱ्याची तत्क्षणी भुकटी होते आणि त्याला पुन्हा जिवंत करण्याचा मार्गच उरत नाही. पण सिंहासनावर कोरलेल्या मुकुटाच्या आकृतीला तेच रुपेरी टोक लावले, की पुढची वाट उघडते. मारणारी आणि तारणारी वस्तू एकच असल्यामुळे टेबलाभोवती जी घासाघीस होते, जो तो दुसऱ्याला ‘थांब, आधी विचार कर’ म्हणून अडवू लागतो, ती केवळ आकडे वजा करून साधणारी गोष्ट नव्हे.

सगळेच सापळे या तोलाचे नाहीत. झाकलेल्या खड्ड्यांतील विषारी सुळ्यांपुढे शेवटी फाशाचेच राज्य चालते: विषाविरुद्धचा सेव्हिंग थ्रो फसला, की पात्र मेले. आणखी पुढे गुंगीचा वायू सोडणारी एक जागा आहे. तिथे बेशुद्ध पडलेल्यांवर दगडी रोलर फिरतो की नाही, हे डंजन मास्टरचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, फासा ठरवतो आणि खेळाडू मुकाट्याने बघत राहतात. खेळाडूला निर्णय घ्यायला वावच नसेल, तर त्या मृत्यूत धोका पत्करल्याचा थरारही उरत नाही. शेवटी भेटणारा असेरेरॅक, म्हणजे या थडग्याचा मालक असलेला मृत जादूगार, हाही थोडासा याच पंक्तीत बसतो. त्याच्या कवटीला डिवचले की ती एकेकाचा आत्मा खेचून घेते, सेव्हिंग थ्रोविना, आणि तिला नष्ट करण्याचे मोजके उपाय सहज सुचण्यासारखे नाहीत.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर वाढलेल्या खेळाडूंना हे सारे परके वाटेल. त्या नियमांत हिट पॉइंट्स शून्यावर आलेले पात्र बेशुद्ध होते, आणि जीव वाचवण्यासाठी टाकलेल्या फाशांत तीन अपयशे जमा होण्याआधी कोणीतरी उपचार करून त्याला उठवतो. तत्काळ मृत्यू तिथेही आहे. शून्यावर आल्यानंतर उरलेली इजा पात्राच्या कमाल हिट पॉइंट्सइतकी झाली, की सगळे संपते. गंमत म्हणजे हा नियम खरा चावतो तो पहिल्या लेव्हलला, म्हणजे पात्र अगदी नवखे असताना: सात हिट पॉइंट्सच्या धडधाकट जादूगाराला एकाच वारात चौदाची इजा झाली, की तो जागीच ठार होतो, आणि बगबेअर या राक्षसाच्या एका क्रिटिकल (इजेचे फासे दुप्पट करणाऱ्या) फटक्याला तेवढे अवघड नाही. हा मृत्यू कोणत्याही कूटलेखाने सुचवलेला नसतो, तरी त्याबद्दल ओरड मात्र फारशी होत नाही.

२०१७ मध्ये हे साहस पाचव्या आवृत्तीच्या नियमांत बसवून एका संग्रहात पुन्हा छापले गेले, त्यामुळे जुने नियम शिकण्याची सक्ती नाही. तरीही डंजन मास्टरने आयती पात्रे वाटावीत, प्रत्येकाला एक-दोन राखीव द्यावीत आणि पात्र कायमचे जाऊ शकते हे पहिल्या फाशाआधी उघड सांगावे. गुंगीच्या वायूची जागा मी असतो तर सरळ गाळली असती. चित्रे मात्र एकही न वगळता दाखवावीत, कारण पुष्कळशा सापळ्यांची खूण त्यांतच दडलेली आहे.