आमच्या पश्चात: घर, घरौंदा की मोठी संस्था?

मुलाला बौद्धिक दिव्यांगत्व किंवा स्वमग्नता असली की त्याच्या तिशीत एक प्रश्न घरात ठाण मांडून बसतो: आमच्या पश्चात याचं काय? माझ्या भावासाठी आम्ही तिन्ही वाटा तोलून पाहिल्या.

पहिली, राहतं घर. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ५ नुसार समाजात राहणं हा त्याचा हक्क आहे. अमुकच ठिकाणी राहायची सक्ती होऊ नये, मदतनिसासारखी सेवा मिळावी, यासाठी सरकारने प्रयत्न करायचा आहे. ‘प्रयत्न’ हा शब्द लक्षात ठेवा. मदतनिसाचा पगार बहुतेक घरं स्वतःच देतात. उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना महिना २,५०० रुपये मिळतात (आधी १,५०० होते), पण तेवढ्यात भागत नाही.

तरी माझं मन इथेच ओढ घेतं. भाऊ रोज सकाळी पिशवी घेऊन डेअरीवर जातो. त्याला पैसे मोजता येत नाहीत. तो मूठ उघडतो, काका दुधाचे तेवढे उचलतात, उरलेले त्याच्या खिशात घालून वरचं बटण लावतात. ही ओळख जमायला वीस वर्षं लागली.

दुसरी, घरौंदा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ही प्रौढांसाठीची निवासी योजना नोंदणीकृत संस्था चालवतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व एवढ्यांसाठीच ती आहे. सगळा भार एकट्या बहिणीवर किंवा वहिनीवर येत नाही, हा मोठा आधार. पाहायला जाल तेव्हा चहाच्या वेळी जा. साखर किती, हे तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारतं का? स्वतःचं कपाट आहे का, किल्ली कुणाकडे असते? कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊ देतात का?

तिसरी, गावाबाहेरची मोठी संस्था. सतत फिट्स येत असतील, रात्रभर नर्स लागत असेल, तर हीच बरी. इतरांसाठी मी सुचवणार नाही.

भावंडं जवळ असतील तर घर, आणि दिवसा एखादं केंद्र. आईवडील सत्तरीपुढचे, भावंडं परदेशी, तर घरौंदा. पण सवय आत्तापासून लावा, आधी चार दिवस, मग पंधरा. आई गेली त्याच आठवड्यात घरही सुटलं, असं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

काहीही ठरवा, कागद आधी करा. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे, म्हणजे राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमणाऱ्या समितीकडे, अर्ज करावा लागतो. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत त्या दिव्यांग व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची असते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंतचा उपचारांचा खर्च मिळतो.

आमची फाइल तयार आहे. पहिल्याच पानावर डेअरीवाल्या काकांचा नंबर लिहिलाय.