घडीच्या बैठकीची काठी: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव, आणि त्या खालच्या रबराबद्दल

काठीचं रबर फाटलं आणि त्यावरून दुकानदाराशी वाजलं, म्हणून हे लिहायला बसले. काठी कोणती ते सगळ्यांना माहीत आहे: मिटली की काठी, उघडली की तीन पायांचं छोटं स्टूल. वजन किलोच्या आसपास, किंमत हजार-बाराशेच्या घरात. खोक्यावर छापलेलं बाकीचं पुन्हा लिहीत नाही.

आमची आई ७६ वर्षांची. दोन्ही गुडघे झिजलेले, त्यात मणक्याची नळी अरुंद झालेली. हिंडायची हौस मात्र तशीच आहे. तरी कुठेही नेलं की पार्किंगमध्येच म्हणायची, "तुम्ही या जाऊन, मी बसते गाडीत." दर वेळी हे ऐकून माझा जीव तुटायचा. दिवाळीनंतर काठी घेतली ती याच वाक्यासाठी.

पहिला महिना पैसे वाया गेले असंच वाटलं. एक तर बैठक बसकी, त्यामुळे गुडघेदुखीवाल्याला उठताना कुणाचा तरी हात लागतोच. दुसरं म्हणजे या काठीवर बसायची रीत. मूठ पुढे घेऊन, दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचं, म्हणजे धरायला आधार राहतो. पाचवारी साडीत हे कसं जमणार? आई आडवी बसायची, वजन एका बाजूला जायचं आणि काठी कलायची. मी मूठ धरून शेजारी उभी. बनवणाऱ्याने साडी नेसलेली बाई डोळ्यांसमोर आणलेलीच नाही. शेवटी आईनेच बाहेर जाताना सलवार-कुर्ता घालायला सुरुवात केली आणि प्रश्न मिटला. मावशी मात्र अजून साडी सोडायला तयार नाही.

माझं मत फिरलं ते अजब बंगल्यात. नागपूरचं १८६३ सालचं मध्यवर्ती संग्रहालय, दालनामागून दालन. एरवी आई पहिल्या दालनातच भिंतीला टेकायची. त्या दिवशी प्रत्येक कपाटापुढे काठी उघडून बसली, पाट्या वाचल्या, शिलालेखांपुढे तर मलाच थांबवून ठेवलं. घरी आल्यावर हिशोब केला तेव्हा लक्षात आलं की चालणं तिला जमतं, उभं राहणं जमत नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत राहतात, नुसतं उभं राहिलं की ते पायांत साठतं. शिवाय नळी अरुंद असलेल्या माणसाची कळ बसून थोडं पुढे वाकलं की ओसरते. या काठीवर मूठ पुढे असल्याने माणूस आपोआप पुढे झुकूनच बसतो. तिची किंमत मला तेव्हा पटली.

तेव्हापासून सहलीचं ठरवण्याची आमची पद्धत बदलली. आधी मी विचारायचे, किती चालावं लागेल? आता विचारते, उभं कुठे राहावं लागेल? तिकिटाची खिडकी, चप्पल स्टँड, दर्शनाची रांग, लिफ्टसमोरची गर्दी. ही ठिकाणं आधी शोधते आणि तिथे काठी उघडायला जागा आहे का ते पाहते. फोन करून दोनच गोष्टी विचारते: गाडी कुठपर्यंत येते, आणि रांगेत मध्ये बसता येतं का.

या हिशोबाने आमच्या भागातलं सगळ्यात सोपं ठिकाण सेवाग्राम निघालं. ७५ किलोमीटरचा रस्ता, मध्ये एक चहा. १९३६ साली गांधीजी इथे राहायला आले. आदी निवास, बा कुटी, बापू कुटी सगळं एकाच आवारात, झाडांच्या सावलीत, चढ-उतार जवळजवळ नाहीच. दारं ठेंगणी आहेत, तेवढं डोकं सांभाळायचं. बापू कुटीच्या बाहेर आई काठीवर बराच वेळ बसून राहिली आणि कुणी घाई केली नाही. परतीच्या वाटेवर विनोबांच्या आश्रमाच्या पवनारला थांबायचा मोह होतो, पण धाम नदीकडे उतरायचं म्हणजे पायऱ्या. एका दिवसात एकच ठिकाण करा.

दीक्षाभूमीला गेलात तर स्तूपात जाताना चप्पल काढावी लागते हे लक्षात ठेवा. अनवाणी पायांना तीच काठी अर्धा-पाऊण इंच उंच होते आणि खांदा वर उचलला जातो. बाजूचं बटण दाबून एक भोक खाली करायचं. उंचीचा नियम सोपा आहे: हात सरळ खाली सोडला की मूठ मनगटाच्या सुरकुतीशी यावी. काठी धरायची ती जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. दुकानात हे कुणी सांगत नाही. आणि उन्हाळ्यात तिथे सकाळीच जा, नंतर फरशीवर पाय ठेववत नाही.

गोरेवाडा प्राणिसंग्रहालयाची बस सफारी बसूनच होते, चढताना तेवढा हात द्यायचा. मेट्रोचाही आईला फार आनंद झाला. लिफ्टने वर, डबा फलाटाच्या पातळीत, खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत सगळं शहर वरून. लग्न होऊन आल्यापासूनचं नागपूर ती मला बोटाने दाखवत होती.

रामटेकचं गडमंदिर मात्र या काठीच्या भरवशावर ठरवू नका. गाडी वर जाते खरी, पण पुढच्या दगडी पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, आणि पायरीवर हे स्टूल उघडायचंच नाही. तिन्ही पाय एका पातळीत नसले तर ते कलंडतं. आम्ही खालचं शांतिनाथ जैन मंदिर आणि खिंडसी तलाव असा दिवस केला. कालिदास स्मारक राहिलं, ते हिवाळ्यात. गाडीत चढायला पायरी म्हणूनही ही काठी वापरू नका. बैठक बसण्यासाठी असते, त्यावर उभं राहायचं नसतं.

आता रबर. सगळं वजन ज्या तुकड्यावर येतं तो आहे लिंबाएवढा, आणि या काठीत सगळ्यात हलका माल नेमका तिथेच लावलाय. आपल्या नागपूरचे सिमेंटचे रस्ते खरखरीत, फुटपाथवर पेव्हर ब्लॉक, त्यावर घासून घासून रबराची बाहेरची कड आधी जाते, कारण माणूस काठी थोडी तिरपी टेकतो. वरून पाहिलं तर रबर ठणठणीत दिसतं. मे महिन्यात कामठीच्या ड्रॅगन पॅलेस या बौद्ध मंदिरात, त्या गुळगुळीत फरशीवर, काठी एकदम सरकली. आईने माझा दंड धरला म्हणून निभावलं. उलटी करून पाहिली तर आतल्या ॲल्युमिनियमच्या नळीने रबर कापून बाहेर तोंड काढलं होतं.

दुकानात गेले. उत्तर मिळालं, "ताई, याचा पार्ट नाही येत. नवीनच घ्या न." चाळीस-पन्नास रुपयांच्या रबरासाठी हजाराची काठी टाकून द्यायची? मी वाद घातला, बिल दाखवलं, कंपनीला फोन लावायला सांगितलं. फोनवरच्या मुलीनेही तेच सांगितलं. माझं रक्त अजून उकळतं. म्हाताऱ्या माणसाचं कंबरेचं हाड या रबरावर अवलंबून आहे आणि तुम्ही ते सुटं विकत नाही!

घरी खुर्चीचे प्लास्टिकचे बूट होते, ते लावून पाहिले. कुणीही हे करू नका. ते कडक असतात, ओल्या फरशीवर साबणासारखे सरकतात. शेवटी नळीची जाडी मोजून नेली, १९ मिलिमीटर, आणि इतवारीत त्या मापाचं जाड रबर मिळालं. आत लोखंडी चकती असलेलं. ती चकती महत्त्वाची, तिच्यामुळे नळी रबर कापत नाही. मूळ रबरात ती नव्हतीच. दोन जास्तीची घेऊन गाडीच्या डॅशबोर्डमध्ये टाकली आहेत, आणि निघण्याआधी काठी उलटी करून रबर बघणं हे आता पाण्याची बाटली घेण्याइतकं ठरलेलं काम आहे. नवीन रबर लागल्यापासून काठी एकदाही सरकलेली नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा रबराचा कापला, आणि सुटं रबर विकायला लागेपर्यंत तो परत देणार नाही. मावशीसाठी यंदा घ्यायचीच आहे, पण चार पायांची, आडवं बसता येईल अशी. तिला साडीतच दुकानात नेणार, बसवून उठवून बघणार, आणि पैसे देण्याआधी खालचं रबर ओढून काढून आत चकती आहे का ते तपासणार.