टेस्ट बिल्डबाहेर ठेवायच्यात: एक टीएसकॉन्फिग, दोन, की प्रोजेक्ट रेफरन्सेस?

टाइपस्क्रिप्टचा बिल्ड केला (म्हणजे कोडचं जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर केलं) आणि तयार फाइलींच्या डिस्ट फोल्डरमध्ये युझर.जेएसच्या शेजारी युझर.टेस्ट.जेएसही दिसली, की पहिला उपाय बहुतेकांना तोच सुचतो: टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगच्या फाइलीत, म्हणजे टीएसकॉन्फिग.जेसनमध्ये, 'एक्सक्लूड'ची (फाइली वगळण्याची) एक ओळ. बिल्ड लगेच स्वच्छ होतो. त्रास होतो तो एडिटरमध्ये.

व्हीएस कोड हा एडिटर टीएसकॉन्फिग.जेसन याच नावाची फाइल शोधतो. तिने टेस्ट वगळल्या असतील तर उघडलेली टेस्ट कुठल्याच प्रोजेक्टची राहत नाही आणि एडिटर तिला स्वतःच्या डीफॉल्ट सेटिंगवर तपासतो. तुमचं 'स्ट्रिक्ट' (कडक तपासणी) तिथे लागू नसतं, 'पाथ्स'मध्ये इम्पोर्टसाठी ठरवलेली छोटी नावं सापडत नाहीत, चांगल्या इम्पोर्टखाली लाल रेघ येते. मी एकदा एफ२ दाबून एका फंक्शनचं नाव बदललं. सोर्समध्ये सगळीकडे बदललं, बंद असलेल्या टेस्ट फाइलींमध्ये जुनंच राहिलं. बिल्ड बिनतक्रार पार पडला आणि टेस्ट चालवल्यावर एकामागून एक कोसळल्या. त्या दिवसापासून मी एकाच फाइलचा मार्ग सोडला.

दोन फाइलींची मांडणी मला सर्वात पटते. टीएसकॉन्फिग.जेसन एडिटरसाठी: त्यात सोर्स आणि टेस्ट दोन्ही, 'नोएमिट' (फाइली न लिहिता फक्त तपासणी) चालू. टीएसकॉन्फिग.बिल्ड.जेसन तिलाच 'एक्स्टेंड्स' करते (तिची सेटिंग उचलते), 'नोएमिट' बंद करते आणि टेस्ट वगळते. बिल्डची आज्ञा 'टीएससी -पी टीएसकॉन्फिग.बिल्ड.जेसन'; टीएससी म्हणजे टाइपस्क्रिप्टचा कंपायलर. नेस्टजेएस या सर्व्हर फ्रेमवर्कचा तयार साचाही अशीच वेगळी बिल्ड फाइल देतो. इथे एक गोष्ट सांभाळा: 'एक्सक्लूड' स्वतः लिहिलं की डीफॉल्ट यादी गळून पडते, म्हणून नोड_मॉड्यूल्स (बाहेरच्या पॅकेजेसचा फोल्डर) त्यात पुन्हा लिहा. बिल्ड फाइलमध्ये 'टाइप्स'मध्ये (आपोआप घ्यायच्या टाइप पॅकेजेसच्या यादीत) फक्त नोड ठेवलंत तर आणखी एक फायदा मिळतो. सोर्समध्ये चुकून राहिलेला टेस्टचा 'डिस्क्राइब' किंवा 'एक्स्पेक्ट' बिल्डलाच पकडला जातो.

या दोन्ही मार्गांत एक भोक मात्र राहतं. 'एक्सक्लूड' फक्त 'इन्क्लूड'ने गोळा केलेली यादी गाळतं. सोर्समधल्या एखाद्या फाइलने टेस्टच्या फोल्डरमधून मदतनीस फंक्शन इम्पोर्ट केलं, तर ती वगळलेली फाइल त्या वाटेने बिल्डमध्ये येतेच. ती कोणी ओढून आणली ते '--एक्सप्लेनफाइल्स' सांगतं.

२०१८ मध्ये टाइपस्क्रिप्ट ३.० सोबत आलेले प्रोजेक्ट रेफरन्सेस हे भोक बुजवतात. सोर्स आणि टेस्ट वेगळे प्रोजेक्ट, टेस्टकडून सोर्सकडे रेफरन्स. 'कॉम्पोझिट' (रेफरन्ससाठी लागणारी सेटिंग) चालू असल्यावर यादीबाहेरची फाइल इम्पोर्ट केली की कंपायलर चूक दाखवून थांबतो. ही शिस्त मला मनापासून आवडते, पण त्यासोबत '--बिल्ड'ची वेगळी आज्ञा आणि बिल्डची नोंद ठेवणाऱ्या टीएसबिल्डइन्फो फाइली येतात. एका रिपोमध्ये अनेक पॅकेजेस असतील तर हे कष्ट घ्याच. एकच लायब्ररी असेल तर दोन फाइली पुरतात. ईएसबिल्ड किंवा वेबपॅक या बंडलरने कोड एकत्र बांधत असाल तर यातलं काहीच नको. बंडलर एंट्रीपासून (सुरुवातीच्या फाइलीपासून) इम्पोर्टच्या मागोमाग जातो, टेस्टपर्यंत तो पोचत नाही.

मार्ग कोणताही घ्या, बदल केल्यावर डिस्ट आधी पुसा. टीएससी जुन्या फाइली काढत नाही, आणि टेस्ट चालवणाऱ्या जेस्टला डिस्टमध्ये राहिलेली युझर.टेस्ट.जेएस सापडली तर तो तीच टेस्ट दोनदा चालवतो. पॅकेज प्रकाशित करण्याआधी 'एनपीएम पॅक --ड्राय-रन' चालवून पॅकेजमध्ये जाणाऱ्या फाइलींची यादी डोळ्यांखालून घाला.